घेतल्या, पण किती? सोलापुरातल्या एका क्षयरुग्णाची सहा महिन्यांची देखरेख

२१ एप्रिल २०२५, सोमवार. मुलीने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर एका खासगी लॅबचा रिपोर्ट होता आणि त्यातल्या एका शब्दाभोवती तिने लाल रेघ ओढली होती: 'डिटेक्टेड'. "दोन महिने गोळ्या चालू आहेत सर. पप्पांनी एक दिवस चुकवला नाही. तरी जंतू आहेतच?" तिच्या मागे अण्णा भिंतीला टेकून उभे होते. शेजारच्या कुणाबद्दल तरी बोलणं चाललंय, असा त्यांचा चेहरा.

त्या दिवशी माझ्या टेबलावर जी माहिती आली, तिच्यात सगळ्यात मोठ्याने ओरडणारी गोष्ट हा रिपोर्ट होता. आणि सगळ्यात कमी कामाचीही तीच होती. कामाची खूण वजनकाट्यावर होती, पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. सुरुवातीला मीही नाही.

फेब्रुवारी

अण्णा ४६ वर्षांचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात यंत्रमागावर काम. घरात आई, पत्नी आणि कॉलेजला जाणारी मुलगी. पत्नी घरी विड्या वळते. घरात तेलुगू, बाहेर मराठी. आमच्याकडे सगळे त्यांना अण्णा आणि त्यांच्या पत्नीला अक्का म्हणतात, इथेही तेच ठेवतो.

अडीच महिने खोकला होता. यंत्रमागावर काम करणाऱ्याचा खोकला म्हटलं की सुताच्या धुळीवर बोट ठेवायची सगळ्यांना सवय असते. त्यात दोन महिने कफ सिरपवर गेले. मग संध्याकाळची कणकण सुरू झाली, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं आणि एक दिवस बेडक्यात रक्ताची रेघ दिसली, तेव्हा ते आले.

बेडक्याच्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर रंगवून तपासलेल्या नमुन्यात, ३+, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक फील्डमध्ये दहाहून जास्त जंतू. नॅट या जनुकीय चाचणीत क्षयाचे जंतू 'हाय' प्रमाणात, रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला प्रतिरोध नाही. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी. एचआयव्ही निगेटिव्ह. मधुमेह चार वर्षांचा, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, तरी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.६. उंची १६४ सेंटिमीटर, वजन ४६.८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १७.४, कमीच.

२४ फेब्रुवारीला उपचार सुरू झाले. वजन ३५ ते ४९ किलोच्या गटातलं, म्हणून रोज तीन गोळ्या. प्रत्येक गोळीत चारही औषधं: आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. पहिल्या टप्प्याचे ५६ डोस, नंतर पायराझिनामाइड वगळून ११२. घरातल्या तिघींची तपासणी झाली, कुणालाही आजार नव्हता, तिघींना प्रतिबंधक औषध सुरू केलं. क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये बँकेत येऊ लागले. २०१८ साली ही योजना ५०० रुपयांवर सुरू झाली होती, नोव्हेंबर २०२४ पासून रक्कम दुप्पट झाली.

लघवी केशरी होईल, घाबरू नका, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते नेहमीच सांगतो. इथॅम्ब्युटॉलमुळे नजरेवर परिणाम होऊ शकतो, हेही सांगितलं. अण्णांच्या बाबतीत त्याची चाचणी फार सोपी होती. ताण्यातला तुटलेला धागा सांधायला जी नजर लागते, ती शाबूत आहे का आणि लाल-हिरव्या सुताची गल्लत होतेय का, एवढंच दर खेपेला विचारायचं. डोळ्यांच्या तक्त्यापेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं. कारण नजर बिघडली तर टॉवेलात दोष येतो आणि मुकादम ते आमच्या आधी पकडतो.

महिन्याभरात ताप गेला, खोकला निम्म्यावर आला. २४ मार्चला वजन ४७.३. अर्धा किलो वाढ, काही विशेष नाही, पण दिशा बरोबर होती. मी पुढची तारीख देऊन मोकळा झालो.

एप्रिल

दोन महिन्यांनंतरच्या खेपेला तीन गोष्टी समोर आल्या. क्रमाने सांगतो.

पहिली, तो नॅटचा रिपोर्ट. ओळखीच्या डॉक्टरांनी 'एकदा बघून घेऊ' म्हणून शनिवारी करून घेतलेला. नॅट जंतूचा डीएनए शोधते. जंतू मेला तरी त्याचा डीएनए लगेच नाहीसा होत नाही. उपचार नीट चाललेल्या माणसाच्या बेडक्यातही तो बरेच महिने सापडू शकतो. म्हणून निदानाला ही चाचणी उत्तम, रिफाम्पिसिनचा प्रतिरोध शोधायलाही उत्तम, पण औषध लागू पडतंय का हे बघायला वापरायची नाही. फेब्रुवारीत 'हाय' होतं, आता 'मीडियम' आलं होतं. त्यावर मुलीला समजावताना मी म्हणालो, "लग्नघर रिकामं झालं तरी मांडवात पत्रावळी दिसतातच ना, त्या मोजून पाहुणे किती उरले हे सांगता येत नाही." ती हसली नाही, पण फोन खाली ठेवला.

दुसरी गोष्ट, आमच्याकडचा स्मिअर. निकाल १+, म्हणजे शंभर फील्डमध्ये १० ते ९९ जंतू. ही खूण नॅटपेक्षा जड. तरी तिचाही तोच दोष आहे: रंगात लाल दिसलेली दांडी जिवंत की मेलेली, हे कळत नाही. सुरुवातीला ३+ असलेल्या, फुप्फुसात पोकळी आणि सोबत मधुमेह असलेल्या रुग्णात दुसऱ्या महिन्याअखेर थोडे जंतू दिसणं अगदीच अनपेक्षित नाही. म्हणून ते सोडून द्यायचं, असंही नाही. या टप्प्यावर स्मिअर पॉझिटिव्ह आला की प्रतिरोधाची तपासणी करायलाच हवी.

नमुन्याबद्दल एक आडवळणाची गोष्ट. माणूस बरा होऊ लागला की त्याला बेडका पडेनासा होतो. मग तो डबीत थुंकी देतो. थुंकीत जंतू फारसे नसतात, निकाल निगेटिव्ह येतो आणि सगळे खूश होतात. आमच्या क्षयरोग कार्यकर्त्या ताई डबी उजेडाकडे धरून बघतात. फेसाळ पातळ असेल तर परत करतात, "सकाळी उठल्यावर, चूळ भरून, खोलवर दम घेऊन, छातीतून" असं सांगून. अण्णांचा नमुना घट्ट, पिवळसर, चांगला होता. त्यामुळे १+ वर विश्वास ठेवण्यासारखा होता.

तिसरी गोष्ट, वजन. ४७.१ किलो. मार्चपेक्षा दोनशे ग्रॅम कमी. दोन महिन्यांत एकूण वाढ तीनशे ग्रॅम. दोन महिन्यांत पाच टक्के वाढ धरली, तर ४६.८ चे पाच टक्के म्हणजे जवळजवळ २.३ किलो, म्हणजे आत्तापर्यंत काटा ४९ च्या पुढे जायला हवा होता. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, क्षयरुग्णांच्या पोषणावरच्या रेशन्स अभ्यासात पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वजन वाढलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा मी भाषणांत कितीदा सांगितला आहे. आणि तरी २४ मार्चच्या माझ्याच नोंदीत वजनापुढे 'ठीक' असा शेरा आहे.

एरवी निक्षय या सरकारी क्षयनोंदणी पोर्टलच्या कॅलेंडरवर ५६ चे ५६ दिवस हिरवे. फोन गेला की अण्णा सांगायचे, घेतली. लघवीही केशरीच होती.

ताप नाही, खोकला कमी, गोळ्या रोज चालू, पण वजन जागच्या जागी. या चार गोष्टी एकमेकींशी जुळत नव्हत्या. साखर तपासली, उपाशीपोटी २१८. थोडा खुलासा तिथे होत होता, सगळा नाही. मी सांगितलं, उद्या सगळ्या स्ट्रिप घेऊन या. रिकाम्यासुद्धा.

बावीस गोळ्या

दुसऱ्या दिवशी अक्काही सोबत आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत रिकाम्या स्ट्रिप विडीच्या दोऱ्याने बांधून आणल्या होत्या. त्यांनी दोरा सोडला आणि मी सांगायच्या आत मोजायला सुरुवात केली. हजार विड्या पंचवीस-पंचवीसच्या बंडलात बांधून कारखान्यात मोजून देणाऱ्या बाईला मोजणी शिकवायची गरज नसते. तिथे पाच विड्या कमी निघाल्या तर हिशेब अडतो.

एका स्ट्रिपमध्ये २८ गोळ्या. पहिल्या टप्प्यासाठी सहा स्ट्रिप दिलेल्या, एकूण १६८. पाच पूर्ण रिकाम्या. सहावीत २२ गोळ्या शिल्लक.

"ह्या जास्तीच्या दिल्यात वाटलं मला," अक्का म्हणाल्या.

मी अण्णांना विचारलं, "रोज घेत होता ना?"

"घेतच होतो की हो. एक दिवस सोडलं नाही."

"किती?"

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग अण्णा म्हणाले, "पाडव्यापासून दोन."

पाडवा ३० मार्चला होता. तिथून २० एप्रिलपर्यंत बावीस दिवस. रोज एक कमी, बावीस गोळ्या. हिशेब एका गोळीचाही चुकला नाही, म्हणजे माणूस खरं बोलत होता. तो आधीही खोटं बोलला नव्हता. 'गोळी घेतली का?' असं आम्ही विचारत होतो, 'घेतली' असं तो सांगत होता, आणि ते शंभर टक्के खरं होतं. प्रश्नच चुकीचा होता.

कारणही साधं निघालं. उगादीनंतर, म्हणजे पाडव्यानंतर ऊन वाढलं, पारा ४२-४३ च्या घरात. पत्र्याच्या शेडमध्ये माग चालू, पाणी पिणं कमी, लघवीला जळजळ आणि तिचा रंग भडक केशरी. शेजारच्या मागावरच्या कामगाराने सल्ला दिला, "गोळ्या लई गरम पडतेत बे, ऊन उतरेपर्यंत एक कमी कर." अण्णांना ते पटलं. औषध सोडायचं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून सोडलं नाही. फक्त थोडं 'थंड' केलं.

यावर हसण्यात अर्थ नाही. गरम-थंड हे आपल्या घराघरातलं व्याकरण आहे. पपई गरम, सब्जा थंड. त्यात गोळी गरम ठरली तर तिचं प्रमाण कमी करणं हे त्या व्याकरणाला धरूनच आहे. उन्हाळा समोर दिसत असताना मार्चच्या खेपेला मी याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. सोलापुरात दवाखाना चालवणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती.

आता या दोन गोळ्यांचा अर्थ काय? रिफाम्पिसिन किलोमागे साधारण १० मिलिग्रॅम लागतं, ८ ते १२ चालतं. तीन गोळ्यांत अण्णांना ४५० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ९.६ मिळत होतं. दोन गोळ्यांत ३००, म्हणजे ६.४. आयसोनियाझिड किलोमागे ४.८ वरून ३.२ वर. लघवीचा रंग मात्र ३०० मिलिग्रॅमनेही केशरी होतोच, त्यामुळे तो दाखला आमच्या उपयोगी पडला नाही. एक गोष्ट त्यातल्या त्यात बरी होती. चारही औषधं एकाच गोळीत असल्याने सगळी सारख्या प्रमाणात कमी झाली. सुट्या गोळ्या असत्या तर त्यातली एखादीच 'गरम' ठरून गळाली असती, आणि एखादं औषध एकटं गळणं हा प्रतिरोध तयार व्हायचा हमरस्ता आहे.

काय केलं आणि काय टाळलं

ओळखीच्या डॉक्टरांचा फोन आला. चांगला माणूस, काळजीपोटीच बोलत होता. त्याचं म्हणणं, स्मिअर पॉझिटिव्ह आहे, नॅट पॉझिटिव्ह आहे, निदान लिव्होफ्लॉक्सासिन हे आणखी एक औषध तरी जोडू या. मी नको म्हणालो. उपचार फसत असल्याची शंका असेल तेव्हा चालू औषधांत एकच नवं औषध घालायचं नाही, हा क्षयरोगातला जुना आणि महागात शिकलेला नियम आहे. आधीच्या औषधांना जंतू खरोखर दाद देत नसतील, तर नवं औषध मैदानात एकटंच उरतं आणि काही आठवड्यांत त्याचाही प्रतिरोध तयार होतो. बदल करायचाच तर प्रतिरोधाचा रिपोर्ट हातात घेऊन पूर्ण उपचार बदलायचे.

पण त्याच्या शंकेत तथ्य नव्हतं असं नाही. फेब्रुवारीतली नॅट रिफाम्पिसिनबद्दल सांगते, आयसोनियाझिडबद्दल काहीच नाही. २०१४ ते २०१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नव्या रुग्णांपैकी सुमारे ११ टक्क्यांत आयसोनियाझिडला प्रतिरोध सापडला होता. म्हणजे नॅटने हिरवा कंदील दिलेला रुग्णही त्या अकरात असू शकतो. अण्णांचा बेडका एलपीए (लाइन प्रोब असे) ही प्रतिरोधाची चाचणी आणि द्रव माध्यमातलं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, या दोन्हींसाठी पाठवला. एलपीएमध्ये आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्हींचा प्रतिरोध आणणारे जनुकीय बदल दिसतात, स्मिअर पॉझिटिव्ह असेल तर थेट नमुन्यावर करता येते आणि निकाल काही दिवसांत हाती येतो.

स्मिअर पॉझिटिव्ह आला म्हणून पहिला टप्पा लांबवायची जुनी पद्धत आता नाही. मी चार औषधांची गोळी पुढे चालू ठेवली ती वेगळ्या कारणाने: बावीस दिवसांचे डोस अपुरे होते, ते पूर्ण मात्रेत भरून काढले. १२ मेपर्यंत रोज तीन गोळ्या, मग दुसरा टप्पा.

'गरम' या शब्दावर मी वाद घातला नाही. वेळ बदलली. सकाळी पाळीला जायच्या गडबडीत घेण्याऐवजी रात्री जेवणानंतर दोन तासांनी, गच्चीवर अंथरूण घातल्यावर. पोट बऱ्यापैकी रिकामं, हवा जरा निवलेली. मागावर जाताना दोन लिटरची बाटली. लघवीची तपासणी केली, साखरेशिवाय काही नव्हतं, जळजळ पाणी वाढवल्यावर चार दिवसांत गेली. आणि अण्णांना एवढंच सांगितलं: गोळी गरम वाटली तर मला फोन करायचा, शेजारच्या मागाला विचारायचं नाही.

मोजणी अक्कांकडे गेली. ताईंनी फोनवरचा प्रश्न बदलला: आज किती घेतल्या आणि स्ट्रिपमध्ये किती उरल्या? दुसऱ्या आकड्याचं उत्तर द्यायला स्ट्रिप हातात घ्यावीच लागते.

बेचाळीस दिवस

२९ एप्रिलला एलपीए आली. दोन्ही औषधांना जंतू दाद देणारे. मोठी चिंता मिटली. तरी ते जंतू जिवंत आहेत का, हा प्रश्न उरलाच. त्याचं उत्तर फक्त कल्चर देतं. जंतू वाढला तर जिवंत. आणि वाढला नाही, हे म्हणायला द्रव माध्यमातसुद्धा ४२ दिवस थांबावं लागतं.

हे सहा आठवडे या प्रकरणाचं खरं पोट आहे. याच काळात घरचे अस्वस्थ होतात, दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, काही जण गोळ्याच बंद करतात. मुलगी आठवड्यातून दोनदा फोन करायची. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे होतं ते इतकंच: भूक कशी आहे, खोकला किती आहे, काटा काय म्हणतो, साखर किती आहे.

साखरेची गोष्ट स्वतंत्र आहे. रिफाम्पिसिन यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात चालू करतं. त्यात ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या लवकर संपतात. म्हणजे उपचार सुरू झाल्यावर अण्णांची साखरेची गोळी तीच होती, पण तिचा असर कमी झाला होता. साखर चढी राहिली की क्षयाचे जंतू निघायला वेळ लागतो आणि वजनही भरत नाही. ग्लिमेपिराइड बंद करून रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं, मेटफॉर्मिन तसंच ठेवलं. सुईला नकार येईल असं वाटलं होतं, आला नाही. अडचण निघाली फ्रिजची, कारण फ्रिज घरमालकाच्या मजल्यावर. मग अक्कांनी जुना मातीचा डेरा काढला, त्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, त्या मडक्यात झाकणाच्या डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं. सोलापुरातल्या मे महिन्यात हे चालतं, फक्त डबीत पाणी शिरू द्यायचं नाही आणि फडकं वाळू द्यायचं नाही.

खाण्याचं फार सांगावं लागलं नाही. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घरात होतीच. त्यात रोज दोन अंडी आणि आमटीत वाटीभर जास्तीची डाळ आली. पोषणाचे हजार रुपये बरेचसे अंड्यांवर गेले. चहातली साखर बंद करताना मात्र अण्णांनी जो चेहरा केला, तो गोळ्यांबद्दल कधी केला नव्हता.

मेच्या मध्याला पुन्हा बेडका घेतला, दोन्ही नमुने निगेटिव्ह. १९ मेला वजन ४८.४. एका महिन्यात १.३ किलो. कल्चरचा निकाल यायला अजून दोन आठवडे होते, पण मला झोप त्या दिवशी लागली. ३ जूनला लॅबने कळवलं: वाढ नाही. एप्रिलमध्ये लाल दिसलेल्या दांड्या मेलेल्या होत्या.

पहिल्या ३४ दिवसांच्या पूर्ण मात्रेने बहुतेक काम उरकलं होतं, म्हणून पुढचे अर्धवट बावीस दिवस निभावले. याला मी नशीब म्हणेन, आणि पुढच्या रुग्णाच्या बाबतीत ते गृहीत धरणार नाही. कल्चर पॉझिटिव्ह आलं असतं, तर पोकळी आणि मधुमेह लक्षात घेऊन दुसरा टप्पा तीन महिन्यांनी वाढवायचा विचार मी नक्की केला असता.

जुलैतली चौथी गोळी

१६ जूनला वजन ५०.३. पन्नास ते ६४ किलोच्या गटाला चार गोळ्या असतात. ताईंनी विचारलं, वाढवायची का? अजून नाही. गट ओलांडणं आणि सुरुवातीपासून पाच किलो वाढणं, दोन्ही झाल्यावर मात्रा बदलतो. नाहीतर पन्नासच्या रेषेवर जेवून आलेला माणूस चार गोळ्यांचा आणि उपाशी आलेला तीनचा, असं होईल. १४ जुलैला काटा ५२.० वर गेला, वाढ ५.२ किलो. तेव्हा चौथी गोळी लिहिली.

अण्णा भडकले. "बरा होतोय तर गोळ्या वाढवता कशाला? आजार वाढला काय?" त्यांचं तर्कशास्त्र बरोबर होतं. बरं वाटलं की औषध कमी व्हायला हवं, सर्दी-तापाला तसंच होतं. मी विचारलं, टॉवेलाचा पन्हा वाढवला तर ताण्याला सूत तेवढंच पुरतं का? ते काही बोलले नाहीत, पण अक्का तेलुगूत दोन वाक्यं बोलल्या आणि विषय संपला. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

११ ऑगस्टला ५२.९.

सप्टेंबर

शेवटचा डोस १ सप्टेंबरला, गणपती बसलेले असताना. बेडका मिळेना. खोकलाच उरला नव्हता, त्यामुळे दोन सकाळी प्रयत्न करून चमचाभर आला. स्मिअर निगेटिव्ह. वजन ५३.४, सुरुवातीपेक्षा ६.६ किलो जास्त. एचबीए१सी ७.१. निदानाच्या वेळी बेडक्यात जंतू सिद्ध झालेले आणि उपचाराअखेर निगेटिव्ह, म्हणून निक्षयवर निकाल 'बरा झाला' असा गेला. जुलै-ऑगस्टच्या सगळ्या स्ट्रिप अक्कांनी मोजून दिल्या. एकही गोळी शिल्लक नव्हती.

एक्स-रेवरून शेवटची चकमक झाली. पोकळी बुजली होती, पण उजवीकडे वर रेघारेघांचा डाग होता. मुलीने तो पाहिला आणि फेब्रुवारीतला चेहरा परत आला. एक्स-रे नेहमीच मागे चालतो, दोन महिन्यांनंतरही तो बहुतेक तसाच होता. आणि व्रण राहिला तर तो कायमचाच. मी समजावायला शब्द शोधत होतो, तेवढ्यात अण्णा फिल्म उजेडाकडे धरून म्हणाले, "रफू केलंय की. टॉवेल टिकतो, खूण राहते." हा व्रण जुना आहे, सध्या आजार नाही, असं मी कागदावर लिहून दिलं. उद्या दुसऱ्या कुठल्या डॉक्टरने फिल्म बघून पुन्हा गोळ्या सुरू करू नयेत, म्हणून तो कागद फिल्मसोबतच ठेवायला सांगितला.

पुढच्या तपासण्या सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी. पहिली मार्च २०२६ मध्ये.

१२ सप्टेंबरला सकाळी सातला मुलीचा फोन आला. पप्पांना घाम फुटलाय, हात थरथरतायत, साखर ६४. रिफाम्पिसिन बंद होऊन अकरा दिवस झाले होते. त्याचा जोर ओसरला की साखर खाली येऊ लागते, हे मी कागदावर लिहून दिलं होतं, आणि साखर सत्तरच्या खाली गेली तर काय करायचं तेही. तिने तोवर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली होती. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, ९८. त्याच दिवशी रात्रीचं इन्सुलिन चार युनिटने कमी केलं. आठवड्याने अण्णा येऊन बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "साखरेचं पाणी गोड होतं हो डॉक्टरसाहेब. सहा महिन्यांनी."